सहा पट्टे आणि आग्रा रोड

धुळ्यात दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून आग्र्याकडे निघालेला, दुसरा सुरतेहून जळगाव-नागपूर करत कोलकात्याला जाणारा. कांदा, कापूस, केळी, टाइल्स, गॅसचे टँकर असं सगळं या चौफुलीवरून जातं. हिवाळ्यात आग्रा रोडवर त्यात आणखी एका मालाची भर पडते. छोट्या टेम्पोत ताडपत्रीखाली झाकलेला नळ्यांचा सांगाडा, चार जाडजूड चाकं आणि एकच सीट. पुण्या-नाशिककडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या पोरांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेल्या या गाड्या शिरपूर, पळासनेर, सेंधवा मागे टाकत पिथमपूरला पोचतात. ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेची सुरुवात २००७ साली तिथूनच झाली.

त्या गाडीत चालकाला निदान पाच पट्ट्यांनी सीटला बांधतात. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून. बघणाऱ्याच्या मनात हे पट्टेच ठसतात. पण तपासणीच्या वेळी परीक्षक आणखी एक गोष्ट बघतात, हातात घड्याळ घेऊन. पूर्ण बांधलेल्या चालकाने पट्टे सोडून पाच सेकंदांत गाडीबाहेर यायचं, डाव्या बाजूनेही आणि उजव्या बाजूनेही. जमलं नाही तर गाडी मैदानात उतरत नाही.

आता जळगावच्या रस्त्यावर या. एखादी एमएच १९ पाटीची हॅचबॅक शेजारी थांबते. टायर रुंद, सायलेन्सर घुमणारा, आणि काचेतून दिसतात लाल नाहीतर हिरवे चार पट्टे. सीटच्या पाठीवरून मागे गेलेले आणि मागच्या सीटच्या फटीत कुठेतरी गडप झालेले. ऑनलाइन मागवलेले, गॅरेजमध्ये एका दुपारी बसवलेले. मालकाचं म्हणणं साधं असतं: कंपनीच्या तीन बिंदूंच्या पट्ट्यापेक्षा शर्यतीचे चार पट्टे जास्त मजबूत, म्हणजे जास्त सुरक्षित. पटण्याजोगंच आहे हे. गडबड अशी की मजबुतीचा प्रश्न इथे जवळजवळ गैरलागू आहे.

ज्याने आजचा सीट बेल्ट दिला, त्याच्यापासूनच सुरुवात करू. नील्स बोहलिन हा स्वीडिश अभियंता व्होल्वोत येण्यापूर्वी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होता. वैमानिकाला चार-पाच पट्ट्यांनी कसं जखडतात, हे त्याच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. तरी व्होल्वोत त्याने १९५९ साली जो पट्टा पुढे आणला तो तीन बिंदूंचा, एका हाताने ओढून लावता येणारा. विमानातली सगळी बांधणी मोटारीत आणणं त्याला अवघड नव्हतं. पण वैमानिक करतो तेवढी खटपट दूध आणायला निघालेला माणूस करणार नाही, याची त्याला जाण होती. व्होल्वोने त्याचं पेटंट इतर कंपन्यांना खुलं ठेवलं आणि पुढे १९६७ मध्ये २८ हजार अपघातांचा अभ्यास मांडून पट्ट्याचा उपयोग दाखवून दिला. गाडीत शर्यतीचे पट्टे बसवणारा तरुण बोहलिनच्या पुढे जात नाही. बोहलिन जिथून निघाला होता तिथे तो परत जातो.

व्होल्वोने स्वतः २००१ मध्ये ‘एससीसी’ नावाच्या प्रायोगिक गाडीत चार बिंदूंचे दोन प्रकार दाखवले होते. शोरूममधल्या गाडीत त्यांतला एकही आला नाही.

थोडं गणित करू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी समोर आदळली आणि पुढचा भाग चेमटत चेमटत आतला माणूस साधारण ६० सेंटिमीटरांत थांबला, असं धरा. त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट झटका बसतो. माणूस ७० किलोचा असेल तर पट्ट्यांवरचा भार सरासरी साडेअकराशे किलोच्या घरात जातो, आणि क्षणभर त्याहूनही वर. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, शर्यतीच्या गाडीत पट्ट्याचा प्रत्येक टेका १,४७० डेकान्यूटन, म्हणजे साधारण दीड टन ओढ सोसणारा असावा असं सांगतो. मांड्यांमधल्या पट्ट्याला ७२० चालतात. दोन पट्टे एकाच टेक्यावर अडकवले तर दोघांच्या भाराची बेरीज धरायची.

हा टेका म्हणजे नेमकं काय, हे गॅरेजमध्ये वाकून बघण्यासारखं आहे. गाडीच्या तळाचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा असतो, कधी त्याहूनही कमी. त्याला नुसतं भोक पाडून खाली छोटा वॉशर लावून बोल्ट आवळला, तर हाताने कितीही हिसका द्या, घट्टच वाटेल. धडकेत मात्र वॉशरसकट बोल्ट पत्र्यातून फाटून वर येतो. एफआयएच्या नियमात त्यासाठी पत्र्याखाली निदान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आणि ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी लागते. पट्टे रोल केजच्या, म्हणजे आत बसवलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या, आडव्या नळीला बोल्टने धरायचे असतील, तर तो बोल्ट एम १२ मापाचा आणि ८.८ दर्जाचा हवा. त्याच्या डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळणारा, डोकं कोरं असलेला बोल्ट बाहेरून अगदी तसाच दिसतो. सीटला किंवा सीटच्या पायांना पट्टे बांधायला तर साफ मनाई आहे.

दुसरी जागा आहे पट्टा ओवण्याची. टोकाशी तीन दांड्यांची एक लोखंडी कडी असते. पट्टा तिच्यातून घालून टेक्याभोवती फिरवायचा, परत कडीतून काढायचा आणि मग पुन्हा उलटा वळवून त्याच कडीत घालायचा. शेवटचा हा वळसा विसरला तर पट्टा दिसतो जागेवर, पण झटका बसला की सुळकन सरकतो. वळसा नीट घेतला असेल तर ओढ जितकी जास्त तितका पट्टा स्वतःलाच चावतो. उरलेलं टोक निदान चार बोटं लांब सोडायचं आणि कडी टेक्याच्या जवळ ठेवायची. हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि बसवणारा घाईत असला की नेमकं हेच राहतं.

आता कोन. खांद्यांवरचे पट्टे सीटच्या पाठीमागे जवळजवळ आडवे जायला हवेत. एफआयए सांगते की ते आडव्या रेषेपासून ४५ अंशांहून जास्त खाली उतरता कामा नयेत, आणि शक्यतो १० अंशांच्या आतच ठेवावेत. रस्त्यावरच्या हॅचबॅकमध्ये मागे आडवी नळी नसते. मग ते पट्टे मागच्या सीटच्या पट्ट्यांच्या बोल्टला, नाहीतर थेट पायाखालच्या पत्र्याला नेतात. उतार ६०-७० अंशांवर जातो. धडकेत माणूस पुढे जायला बघतो आणि पट्टे त्याला मागे ओढण्याऐवजी खाली दाबतात, डोक्यावर पोत्यांची थप्पी पडावी तसा सगळा भार मणक्यावर येतो. पट्टा तुटलेला नसतो, बोल्टही जागेवर असतो, आणि कण्याला इजा झालेली असते.

शिवाय मागच्या सीटवर बसायचं कुणी? लग्नसराईत चाळीसगावहून अमळनेरला निघालेल्या गाडीत पुढे दोघं आणि मागे तिघं-चौघं असतात. त्यांच्या गुडघ्यांसमोरून दोन ताणलेले पट्टे गेलेले. आजीला हे समजावून सांगणं भौतिकशास्त्रापेक्षा कठीण.

चार पट्ट्यांच्या संचाची खरी खोट त्याच्या पाचव्या, न दिलेल्या पट्ट्यात आहे. कमरेचा पट्टा ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडावर बसायला हवा. हे हाड भार सोसतं. खांद्यांचे दोन पट्टे त्याच मधल्या बकलला जोडलेले असतात आणि ताण आला की ते बकल वर खेचतात. वर गेलेला कमरेचा पट्टा हाडावरून निसटून मऊ पोटावर येतो. माणूस त्याच्याखालून घसरतो आणि यकृत, प्लीहा, आतडी यांच्यावर तो सगळा भार पडतो. मांड्यांमधला पट्टा असतो तो बकलला खाली धरून ठेवण्यासाठीच. त्यासाठी सीटच्या बुडाला भोक लागतं, आणि ते फक्त शर्यतीच्या सीटला असतं. पट्टे आवळण्याचा क्रमही म्हणूनच ठरलेला आहे: आधी कमरेचा, अगदी घट्ट, मग खांद्यांचे. नवशिके उलट करतात.

जर्मनीतल्या श्रॉथ कंपनीने यावर एक युक्ती काढली. चार बिंदूंच्या तिच्या संचात एका खांद्याच्या पट्ट्यात शिवणीने बंद केलेली घडी असते. झटक्यात ती शिवण उसवते आणि तो खांदा जरा पुढे जातो. धड थोडं वळतं, त्यामुळे कंबर पट्ट्याखालून घसरत नाही. म्हणजे चार बिंदूंच्या पट्ट्याला मुद्दाम तीन बिंदूंच्या पट्ट्यासारखं वागायला लावलं. ही घडी नसलेले, रंग आणि लेबल मात्र नामांकित कंपनीचं लावलेले नकली संच बाजारात भरपूर आहेत. अस्सल संचावर मानकाचं लेबल आणि मुदत संपण्याचं वर्ष असतं, कारण पॉलिएस्टर उन्हाने झिजतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे दिवसभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीतल्या पट्ट्याचं आयुष्य छापील मुदतीइतकं भरेलच असं नाही. आणि दुपारी दोनला ते धातूचं बकल मांडीवर घेणं ही वेगळी परीक्षा.

धड इतकं घट्ट बांधलं, की मोकळं उरतं फक्त डोकं. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेत डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा तिथला सर्वांत लाडका चालक भिंतीवर आदळून गेला. कवटीचा तळ फुटला होता. त्याच्या कमरेचा एक पट्टा तुटलेला सापडला आणि त्यावरून मोठा वाद झाला. पण त्याच सुमारास त्या खेळात अशाच इजेने आणखी चालक गेले होते. मान सांभाळणारं ‘हान्स’ नावाचं उपकरण तेव्हा अस्तित्वात होतं. मिशिगनमधले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतचालक जिम डाउनिंग यांनी ते १९८० च्या दशकातच तयार केलं होतं. अवजड वाटतं म्हणून चालक ते टाळायचे. २००१ च्याच ऑक्टोबरात ती शर्यत भरवणाऱ्या नासकारने असं उपकरण सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ पासून. हान्स हेल्मेटला अडकतं. बाजारात भाजी आणायला हेल्मेट घालून गाडीत कोण बसेल?

तीन बिंदूंच्या पट्ट्यात मानेचा विचार आधीच झालेला असतो. धडकेत पट्टा आधी क्षणार्धात आवळला जातो आणि मग ठरावीक भारानंतर थोडा सैल सोडला जातो. धड आणि डोकं मिळून पुढे येतात आणि समोर उघडलेली एअरबॅग दोघांना झेलते. सगळ्या गाड्यांत ही सोय सारखी नसते, पण जिथे आहे तिथे पट्टा, सीट आणि एअरबॅग यांचा मेळ धडक चाचण्या करून जुळवलेला असतो. पुण्यात १९६६ पासून काम करणाऱ्या ‘एआरएआय’ या संस्थेत पट्ट्यांचे टेके यंत्राने ओढून तपासले जातात. गॅरेजमध्ये बसवलेल्या पट्ट्यांची अशी चाचणी कुणी केलेली नसते. ती पहिल्यांदा होते ती रस्त्यावरच.

छताचंही असंच. गाडी उलटली आणि छत दबलं, तर तीन बिंदूंच्या पट्ट्यातला माणूस बाजूला कलंडू तरी शकतो. हार्नेसमधला, म्हणजे शर्यतीच्या पट्ट्यांतला, माणूस ताठ बसून राहतो, डोकं छताखाली. शर्यतीच्या गाडीत डोक्यावर रोल केज असतो म्हणून ते चालतं. बाहाच्या गाडीत त्या नळ्या किती जाड हव्यात, पोलादात कार्बन किती हवा, इथपर्यंत नियम आहेत. २०२२ पर्यंत चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची २०१० पासून भारतात शर्यतमालिका झाली. तिच्या गाड्या नावाने पोलोच, पण आत मागची सीट नाही, वेल्डिंग केलेला केज, शर्यतीची सीट. तो केज घरच्या गाडीत बसवला तर दुसरी आफत: हेल्मेट नसलेलं डोकं बाजूच्या धडकेत त्याच नळीवर आपटतं.

रस्त्यावरही चालते आणि हार्नेसही असतो, अशी गाडी खरोखर असते का? असते. धुळ्यापासून दीडशे किलोमीटरवरच्या नाशिकला ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ भरायची, वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनची. रॅलीत वेगाचे टप्पे बंद रस्त्यावर होतात, पण एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत त्याच गाड्या सामान्य वाहतुकीतून, सिग्नल पाळत जातात. केज, सीट, हेल्मेट, मानेचं उपकरण, शेजारी रस्ता वाचून दाखवणारा सहचालक, सगळं एकत्र. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या डाकार क्लासिकमध्ये उतरले तेही अशाच सगळ्या सरंजामासह. त्यातला एक तुकडा काढून स्विफ्टला लावायचा, असा हिशेब तिथे कुणी करत नाही.

कायद्याचं लांबण लावण्यासारखं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीट बेल्ट न लावल्यास कलम १९४ब खाली १ हजार. मूळ पट्टा काढून टाकून हार्नेस लावलेल्या माणसाला दोन्हीकडून घेता येईल.

पण या पट्ट्यांना सर्वांत वाईट सोबत एका इवल्याशा क्लिपची आहे. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाड्यांना पुढच्या सीटसाठी बेल्टची आठवण देणारा बझर सक्तीचा झाला. हार्नेस लावला की मूळ बकल रिकामं राहतं आणि बझर ओरडू लागतो. त्यावर उपाय म्हणून बकलमध्ये धातूची एक क्लिप खुपसतात. गाडीच्या मेंदूला वाटतं, चालकाने बेल्ट लावलाय. काही गाड्यांत एअरबॅग कधी आणि कशी उघडायची हे याच माहितीवर ठरतं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिप काढून टाकायला लावल्या. तेव्हा १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. हार्नेस घेणारे त्यांतले मूठभरच असणार. बाकीच्यांना कसलाच पट्टा नको होता.

प्राधिकरणाच्या आदेशाआधी आठ महिने, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मर्सिडीज कठड्यावर आदळली. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. तो पट्टा तिथेच होता, तीन बिंदूंचा, कंपनीने तपासून दिलेला.

खान्देशातल्या रस्त्यांवर धोका कुठून येतो, तेही बघायला हवं. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर उतारावरून येत वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जण गेले. अशा रस्त्यावर चालकाला उसाच्या ट्रॉलीच्या कडेने पुढे वाकून बघावं लागतं, गावच्या फाट्यावर मान वळवून मोटारसायकलचा अंदाज घ्यावा लागतो. हार्नेसमध्ये खांदे सीटला टेकलेले राहतात. मग चालक काय करतो? खांद्यांचे पट्टे सैल सोडतो. सैल हार्नेस तर कशालाच धरत नाही. अपघात झालाच, तर पहिल्यांदा धावून येणारा शेतातला माणूस लाल बटण दाबून बेल्ट सोडवू शकतो. फिरवून उघडायचं चकतीचं बकल त्याने कधी पाहिलेलं नसतं.

खरोखर ट्रॅकवर जाणाऱ्या हौशी माणसासाठी मार्ग आहे, फक्त तो लांबचा आहे. मूळ पट्टे आणि बकल जागेवर ठेवायचे. शर्यतीची सीट, केज आणि सहा पट्टे जाणकाराकडून एकत्रच बसवून घ्यायचे, मागची सीट विसरायची, आणि ती गाडी ट्रेलरवर टाकून ट्रॅकपर्यंत न्यायची. एवढं परवडत नसेल तर ट्रॅकवर भाड्याची गाडी मिळते का ते बघावं. ज्याला फक्त रोज जळगावहून धुळ्याला जायचंय, त्याचं काम दहा मिनिटांचं आहे: मागच्या सीटच्या कव्हरखाली दडपलेली बकलं उकरून वर काढायची, फटीत गेलेले पट्टे ओढून बाहेर घ्यायचे, आणि ते हिसका दिल्यावर अडकतात का हे एकेक करून तपासायचं. नवीन गाडीला पहिल्याच आठवड्यात कव्हर चढवताना ती बकलं नेहमीच आत जातात.